कितींपैकी किती?

भय दाखवणारे आकडे आपल्याला रोज भेटतात. ते तोलायला मात्र कोणी शिकवत नाही.

१९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात जुन्या गोळ्यांनी सात हजारांत सुमारे एकीला असलेला धोका नव्या गोळ्यांनी सात हजारांत दोघींना होता. गर्भारपणात तर तो याहूनही अधिक असतो. पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे.

गर्भनिरोधाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही जाणतो. येथे प्रश्न गोळ्यांचा नाही, साक्षीचा आहे. ‘दुप्पट’ हा शब्द खोटा नव्हता, अपुरा होता; आणि त्या अपुरेपणाची किंमत न जन्मलेल्या जिवांनी मोजली. शेजाऱ्याला अंधारात ठेवणारे अर्धसत्य आठव्या आज्ञेच्या कक्षेत येत नाही काय?

ख्रिस्तसभेच्या परंपरेने विवेकाला सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. लगाम हाती असून वाट दिसत नसेल, तर सारथ्याने काय करावे? म्हणून शाळेत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातही मुलांना एक साधा प्रश्न विचारायला आपण शिकवू या: कितींपैकी किती? धोक्याविना जीवन नाही. परंतु धोका जाणून घेतलेला निर्णयच माणसाचा स्वतःचा असतो. भयाने घेतलेला निर्णय दुसऱ्या कोणाचा तरी असतो.