जिभेचे वय

गोड सोडणे हा सद्गुण केव्हा ठरतो? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु प्रायश्चित्तकाळ आला की तो आपल्या घराघरांतून उभा राहतो. सत्तरी गाठलेले आजोबा सहज म्हणून जातात, "चाळीस दिवस गोडाला शिवणार नाही." शेजारी बसलेला सात वर्षांचा नातू मात्र चॉकलेट सोडायचे या कल्पनेनेच रडवेला होतो. आपण आजोबांची वाहवा करतो आणि नातवाला हावरट म्हणून मोकळे होतो. हा न्याय खरा आहे काय?

निवाडा देण्यापूर्वी जिभेची साक्ष काढली पाहिजे. गोडाची ओढ मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. गोड चवीने नवजात बालकाचा चेहरा निवळतो, कडू चवीने आक्रसतो. त्यात निसर्गाचे शहाणपण आहे. आईचे दूध गोडसर असते. गोड म्हणजे शक्ती, आणि कडू ते पुष्कळदा विषारी. मिठाचे तसे नाही. नवजात बाळ खारटाविषयी जवळजवळ उदासीन असते. त्याची आवड साधारणतः चौथ्या महिन्यानंतर दिसू लागते. वाढीच्या वयात मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक गोड आणि अधिक खारट रुचते. पौगंडावस्था सरत येते तशी गोडाची ही ओढ आपोआप ओसरते. त्यासाठी कोणी व्रत घेतलेले नसते.

उतारवयात जिभेची कथा पुन्हा पालटते. चव जाणणाऱ्या पेशी दर काही दिवसांनी झडतात व नव्या येतात. वयाबरोबर ही घडण मंदावते. घ्राणशक्ती क्षीण होते, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा वासाचाच असतो. रक्तदाबावरील काही औषधेही तोंडाची चव बिघडवतात. तरुणाला पेजेतील जेवढे मीठ चटकन जाणवते, तेवढे वृद्धाला जाणवत नाही. मग ताटावर बसून आजी म्हणते, "सूनबाई, कालवण अळणी झालंय." सुनेला वाटते, सासू खोड काढते, सासूला वाटते, सून मन लावून रांधत नाही. वस्तुतः दोघीही खरे बोलत असतात. कालवण तेच असते. जिभा मात्र दोन वयांच्या असतात.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, आवड ही निसर्गाची देणगी आहे. तिचे श्रेय घेऊ नये आणि तिच्यावरून दुसऱ्याला दोषही देऊ नये. ज्याची इच्छाच मावळली, त्याचा त्याग हा त्याग नव्हे. आजोबांनी मिठाईऐवजी जेवणातील लोणचे सोडले, तर त्यांची कसोटी लागेल. नातवाने दोन चॉकलेटांतील एक बहिणीला दिले, तर त्या एका चॉकलेटाचे मोल आजोबांच्या चाळीस दिवसांहून कमी भरणार नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी संयमाचा विचार करताना खादाडपणाला तर दोष म्हटलेच. पण निसर्गाने दिलेल्या सुखाविषयी मुद्दाम बधिर होणे, हेही त्यांनी दोषातच गणले. सुखाला विवेकाची वेसण घालणे म्हणजे संयम.

ही वेसण घालता येते, हीच मोठी दिलाशाची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. आपल्या ताटातील खारे बोंबील, पापड, लोणचे यांचा हिशेब केला तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. परंतु मीठ हळूहळू कमी केले, तर काही आठवड्यांतच जीभ त्याला सरावते आणि पूर्वीचेच जेवण खारट वाटू लागते. म्हणजे सवयीने आवडही वळते. मात्र डॉक्टरांनी मीठ तोडलेल्या वृद्धापुढे बेचव ताट सरकवून कर्तव्य संपत नाही. लिंबू, कोथिंबीर, आले-लसूण यांनी त्या ताटाला थोडी रुची आणणे आणि दोन घटका त्याच्याशेजारी बसणे, हीदेखील सेवाच होय.

पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या जिभेवर मिठाचे कण ठेवीत. 1969 सालच्या नव्या विधीत ही प्रथा राहिली नाही. ते मीठ शहाणपणाचे चिन्ह होते. ज्या तान्हुल्याला खारटाची गोडी अजून लागलेली नसे, त्याच्याच जिभेवर ते ठेवले जाई. शहाणपणाचेही तसेच आहे. ते आधी मिळते, त्याची रुची पुष्कळ उशिरा लागते.

ती रुची लागलेला एक वृद्ध बायबलमध्ये शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात भेटतो. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजा परागंदा झाला, तेव्हा गिलादच्या बर्जिल्लयने इतरांसह त्याला गहू, सातू, मध, दही पुरवले. राज्य परत मिळाल्यावर राजाने त्याला यरुशलेमेस येऊन आपल्या पंक्तीला जेवण्याचे आमंत्रण दिले. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. खाण्यापिण्याची चव आता आपल्याला कळत नाही, असे सांगून त्याने नम्रपणे नकार दिला. त्या नकाराला त्याने वैराग्याचे नाव दिले नाही. शिवाय मेजवान्या व्यर्थ आहेत, असा उपदेशही केला नाही. त्याने तरुण किम्हामाला पुढे केले आणि याला घेऊन जा, असे राजाला विनविले. आपली चव गेली म्हणून दुसऱ्याचे ताट त्याने मागे ओढले नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे साधले, तरी पुष्कळ झाले.