प्रभू, दास आणि मुक्ती

मराठी ख्रिस्ती उपासनेत 'प्रभू' हा शब्द इतक्यांदा उच्चारला जातो की त्यातील सत्तेची धार सहसा जाणवत नाही. मूळ ग्रीक 'क्यूरिओस' हा शब्द घरधन्याला, गुलामांच्या मालकाला आणि रोमन सम्राटालाही लावला जाई. त्याच्या समोरचा शब्द 'दूलोस', म्हणजे मालकाच्या मालमत्तेत मोडणारा गुलाम. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी पौल स्वतःची ओळख याच शब्दाने करून देतो. मराठी बायबलने तेथे 'दास' हा शब्द योजला. परंतु आपल्या भक्तिपरंपरेत दास्य हे भूषण आहे. रामदास, तुलसीदास ही नावेच त्याची साक्ष देतात. त्यामुळे पौलाच्या शब्दातील बाजार आणि बेडी मराठी वाचकाला ऐकू येत नाही. अनुवाद चुकला असे नव्हे. मात्र त्याने एक नैतिक प्रश्न सौम्य केला.

तो प्रश्न असा : स्वतःच्या विवेकाने घालून घेतलेला नियम पाळणे म्हणजे नैतिकता, असे कांटपासून मानले जाते. मग स्वतःला सर्वस्वी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे ही नैतिकतेची परिपूर्ती की तिचा त्याग? हा 'दुसरा' माणूस नसून ईश्वर आहे, एवढे उत्तर पुरेसे नाही. कारण ईश्वराची आज्ञा बहुधा कुणा माणसाच्याच मुखातून आपल्यापर्यंत येते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा पेच प्रत्यक्ष जगला गेला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पुढे त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्याचा गाभा आज्ञापालन हाच आहे. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी ते मानले नाही. पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून आलेली स्त्री दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड कशासाठी पत्करील? जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र ही समर्पणाचीच निष्पत्ती होती : ज्याने एकच प्रभू मानला, त्याच्यावर इतर कुणाचे प्रभुत्व उरत नाही.

या भूमिकेला शास्त्राचा आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानात गुरू आणि प्रभू म्हणवला जाणारा येशू शिष्यांचे पाय धुतो. फिलिप्पैकरांस पत्रात तो स्वतः दासाचे रूप धारण करतो. जो धनी गुलामाच्या जागी जाऊन उभा राहतो, त्याच्या नावाने दुसऱ्यावर धनीपण गाजवणे हा अंतर्विरोध ठरतो. म्हणून समर्पणाची कसोटी शरण जाणाऱ्याच्या भावोत्कटतेत शोधण्यापेक्षा, त्याच्या हाताखाली आलेल्यांच्या वाट्याला काय येते यात शोधली पाहिजे.

ही कसोटी रमाबाईंनाही चुकत नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. तेथील विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वादळ उठले; पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. मुली स्वेच्छेने येतात, आपण दार उघडे ठेवतो एवढेच, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात असत्य नव्हते. पण जिच्या छपराखाली आपल्याला अन्न, अक्षर आणि अभय मिळाले, तिच्या उघड्या दारातून आत जाणाऱ्या मुलीची इच्छा कितपत मोकळी असते? बिशपांना विचारलेला प्रश्न येथे रमाबाईंकडेच परत येतो, आणि त्यांच्या थोरवीमुळे तो मिटत नाही.

केडगावच्या त्यांच्या संस्थेचे नाव 'मुक्ती'. तेथे आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून, सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्यात घालवली. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. या कामात त्या परत आलेल्या प्रश्नाला दिलेले एक उत्तर वाचता येते. आश्रितेच्या हाती ग्रंथच दिला, की प्रभूची आज्ञा काय हे तिला कुणा पंडितेला विचारावे लागत नाही. अनुवादकही मध्यस्थच असतो, हे खरे. परंतु वाचू लागलेली स्त्री त्याच्या शब्दाशी वाद घालू शकते. प्रभूपुढे मान तुकवणारीला तेवढी मुभा असेल, तरच त्या दास्याला मुक्ती म्हणता येईल.