पेन्सिलीची नोंद

सणसरला नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि साखर कारखाना शेजारी भवानीनगरला. अशा गावात सातबाऱ्यावरचा एक गुंठा इकडचा तिकडे झाला, तर पीककर्जापासून भावकीपर्यंत सगळीकडे त्याची झळ पोचते. म्हणून तलाठ्याच्या दप्तराला मोल.

त्या दप्तराची एक रीत मला फार शहाणी वाटते. खरेदीखत झालं किंवा वारस लागायचे असले, की तलाठी फेरफार धरायचा. पण सातबाऱ्यावर नवं नाव चढायचं ते पेन्सिलीनं. नोटिसा बजावायच्या, हरकतीसाठी पंधरा दिवस वाट बघायची, मंडल अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की मग शाई. पेन्सिलीचं अक्षर दिसलं की सोसायटीच्या सचिवालाही कळायचं, हे काम अजून पक्कं झालेलं नाही. कुठल्याही नियमावलीचं पान न उलटता.

हे काम संगणकावर नेताना ती पेन्सिल हरवणं सहज शक्य होतं, कारण पडद्यावरचं प्रत्येक अक्षर सारखंच काळं आणि सारखंच ठाम दिसतं. आजच्या डिजिटल सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ असा वेगळा उल्लेख असतो. तो ज्याला सुचला त्याला दप्तर आतून ठाऊक असणार. 2017 मध्ये संगणकातले सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखवले गेले, तेही मला तितकंच मोलाचं वाटतं. आपलं क्षेत्र कमी लागलंय, हे बांधावरच्या माणसाइतकं लवकर कुणालाच कळत नाही.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. तलाठी बारा नंबरला जे पीक लावायचा, ते आता शेतकरीच आपल्या मोबाइलवर फोटोसह लावू लागला. पुढच्या वर्षी 48 तासांत नोंद दुरुस्त करण्याची सोय झाली. खोडरबर शेतकऱ्याच्या हाती आलं, हे फार बरं झालं. खोडव्याच्या उसाला चुकून नवी लागण म्हणून बोट लागलं, तर एरवी त्या शेतकऱ्यानं कुणाच्या दारात जायचं?

वहीच्या जागी येणारं असं साधन घडवणाऱ्यानं आधी जुन्या वहीशेजारी बसावं, असं मला मनापासून वाटतं. कोणता रकाना कायम रिकामा राहतो, समासात काय टिपलेलं असतं, कोणत्या पानाचा कोपरा हाताळून काळा पडलाय, हे बघावं.

हे का बघावं, ते अंगणवाडीत दिसलं. ई-पीक पाहणी आली त्याच ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका सरकारी मोबाइल परत करत होत्या. नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, फोन तापणारे आणि मध्येच अडकणारे. या बायका वर्षानुवर्षं अकरा रजिस्टरं हातानं भरत आलेल्या. कोणत्या घरातलं बाळ वजनाला मागे पडलंय, हे त्यांना तोंडपाठ. काम टाळायचं त्यांच्या मनातही नव्हतं. मागणं एवढंच होतं, की फोन चालणारा द्या आणि ॲप मराठीत द्या.