बाहत्तर पाहुणे



आजच्या शुभवर्तमानात (लूक १०:१-१२, १७-२०) प्रभू येशू बाहत्तर शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने गावोगावी पाठवितो. हा उतारा आपण बहुधा मिशनकार्याच्या अंगाने ऐकतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रवासाला निघालेल्या माणसाला दिलेल्या सूचना म्हणूनही तो एकदा वाचून पाहा. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. घरात शिरताच आधी त्या घराला शांती द्या. पानात जे पडेल ते खा. याहून बरे घर मिळेल म्हणून या घरातून त्या घरात जाऊ नका. गावात कोणी आजारी असेल तर त्याला बरे करा. यजमानाने काय करावे याबद्दल येशू येथे फारसे बोलत नाही. पाहुणा कसा असावा, हेच तो सांगतो.

ही गोष्ट वर्धेच्या माणसाच्या जिव्हाळ्याची आहे. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, थंड हवेचे ठिकाण नाही. वैशाखात तर घरचा माणूसही दुपारी बाहेर पडत नाही. तरीही पाहुणे येतात. सेवाग्रामला येतात, पवनारला विनोबांच्या आश्रमात येतात, गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप पाहतात. अलीकडे वाघ पाहायला बोरला जातात. पाहुणे वाढावेत, त्यातून आपल्या पोरांना काम मिळावे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. त्यात गैर काही नाही. कापूस आणि सोयाबीनच्या भरवशावर घर चालवणे किती अवघड झाले आहे हे येथे कोणाला सांगायला नको. प्रश्न एवढाच आहे की पाहुणा निघून गेल्यावर घरात काय उरते?

याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. ते वर्धेतच मगनवाडीत बसून एका ख्रिस्ती माणसाने शोधले होते. जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा (१८९२-१९६०) हे मूळचे तंजावरचे. ते कॅथलिक नव्हते, पण येशूवर त्यांची गाढ श्रद्धा होती. लंडनला हिशेबतपासनिसाचे आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस मुंबईतील चांगला चाललेला व्यवसाय सोडून गांधीजींकडे आला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे सचिव म्हणून त्यांनी मगनवाडीत बस्तान बसविले. तुरुंगवासात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्ही १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘शाश्वत विकास’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. एकाच कोठडीत एकाच लेखणीने हे दोन विषय लिहावेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

कुमारप्पांनी निसर्गातून काही साधे दाखले दिले आहेत. माकड आमराईत शिरते. झाड त्याने लावलेले नाही, पाणी घातलेले नाही. ते फळे खाते आणि पुढे जाते. मधमाशीही फुलातून घेतेच, पण घेता घेता परागकण इकडचे तिकडे नेते आणि त्यामुळे झाडाला फळ धरते. दोघेही पाहुणेच. आता आपल्याकडे येणारा पाहुणा यांपैकी कोणता, हे ज्याचे त्याने पाहावे. रविवारी सकाळी मोठ्या शहरातून गाडी निघते. पिण्याचे पाणी, फराळ, थर्माकोलच्या ताटल्या, सगळे डिकीत भरलेले. बापू कुटीसमोर दहा मिनिटे फोटो, दुपारी धाम नदीच्या काठावर जेवण. संध्याकाळी गाडी परत जाते, ताटल्या तेथेच राहतात. गावाला त्या दिवसभरात दहा रुपयेही मिळालेले नसतात. कचरा मात्र मिळालेला असतो. येशू झोळी नको म्हणाला, त्यातले एक मर्म येथे कळते. ज्याची झोळी भरलेली असते त्याला यजमानाची गरजच पडत नाही. तो गावात येऊनही गावाशी बोलत नाही.

सेवाग्रामची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला गेले तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. मीराबेन यांच्या देखरेखीखाली बांधलेली बापू कुटी माती, लाकूड, बांबू आणि कवेलू यांची. साहित्य आसपासचे, हातही आसपासचे. अशा घराला सतत जपावे लागते. भिंती लिंपाव्या लागतात, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. म्हणजे कवेलू फेरणारा गडी जोवर गावात पोट भरू शकतो, तोवरच ती कुटी पाहुण्याला दिसणार. तो पुण्याला वॉचमन म्हणून गेला की संपले.

जानेवारी १९७८ मध्ये या कुटीत एक वेगळा पाहुणा येऊन बसला. त्याचे नाव इव्हान इलिच. व्हिएन्नात जन्मलेला आणि अनेक वर्षे कॅथलिक धर्मगुरू म्हणून सेवा केलेला हा विचारवंत एका परिषदेसाठी सेवाग्रामला आला होता. कुटीत बसून त्याने तिच्यातील जागा मोजल्या. पादत्राणे काढण्याची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसण्याची जागा, पाहुण्याची छोटी खोली, आजाऱ्याची खोली, ओसरी आणि न्हाणीघर. सात जागा. एवढ्याशा घरात पाहुण्यासाठी आणि आजाऱ्यासाठी वेगळी सोय आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. याच इलिचने १९६८ मध्ये मेक्सिकोत, गरिबांची ‘सेवा’ करायला सुटीत आलेल्या अमेरिकन तरुणांना कडक शब्दांत सुनावले होते. त्याचा आशय असा : पाहायला या, शिकायला या, आमचे डोंगर चढा, फुलांचा आनंद घ्या, पण उपकार करायला येऊ नका. बोलणे कडू आहे. पण ज्यांच्या दारात लोक कॅमेरा आणि दया घेऊन येतात, त्यांना ते पटकन कळेल.

आश्रमाच्या आवारात परचुरे कुटीही आहे. तिच्यापुढे पर्यटक फारसा थांबत नाही. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि त्यांना कुष्ठरोग होता. त्या काळी असा पाहुणा कोण घरात घेणार? गांधीजींनी घेतला आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या. परक्याला घरात घेण्याविषयी प्रभूने शेवटच्या न्यायाच्या प्रसंगी जे सांगितले आहे (मत्तय २५), ते आपल्या जिल्ह्यात एका हिंदू माणसाने अक्षरशः केले. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना सेवाग्रामला नेताना शिक्षकांनी ही कुटी चुकवू नये.

सेवाग्रामच्या विकासासाठी शासनाने आराखडा केला आणि २०१९ मधील दीडशेव्या गांधीजयंतीच्या निमित्ताने बरीच कामे झाली. पाहुण्यांच्या सोयी झाल्या, त्यांचे स्वागत आहे. पण २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी मोठी झाडे पाडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. शाळकरी मुले होती, डॉक्टर होते, म्हातारी माणसेही होती. तोड थांबली, पण तोवर बरीच झाडे गेली होती. पाहुणा लवकर पोचावा म्हणून त्याच्या वाटेवरची सावली काढायची, हा कोणता पाहुणचार? अब्राहामाने मम्रे येथे तीन अनोळखी पाहुण्यांना झाडाखाली बसविले होते (उत्पत्ती १८). रस्ता रुंद नसला तरी पाहुणे त्याला भेटलेच.

आता बोरकडे वळू या. सेलू तालुक्यातील बोर हे १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प. देशातील व्याघ्रप्रकल्पांत ते सर्वांत लहान म्हणून ओळखले जाते. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. लहान जागेत गर्दी लवकर होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले होते. नंतर मार्गदर्शक तत्त्वे आली, गाभ्याच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नको असे ठरले आणि आसपासच्या गावांना त्यातून लाभ मिळावा हेही त्यात आले. राज्य शासनाची जन-वन विकास योजना २०१५ ची. व्याघ्रप्रकल्पाशेजारच्या गावांत गॅस, कुंपण, रोजगार यांसाठी तिच्यातून मदत मिळते.

कागद चांगला आहे. पण वाघाची किंमत कोण मोजतो? पर्यटक प्रवेशशुल्क भरतो आणि तीन-चार तासांनी निघून जातो. शेतकरी रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्रभर जागलीला बसतो आणि त्या अंधारात वाघही असतो. वाघालाही किंमत मोजावी लागतेच. बोरचा बाजीराव नावाचा नावाजलेला वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. म्हणून जंगलाकाठच्या गावातील तरुण गाईड झाला, त्याच्या आईच्या हातची भाकरी-भाजी पाहुण्याने विकत घेतली, तर ती दया नव्हे. तो हिशेब आहे. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे, हे तत्त्व आजच्याच शुभवर्तमानात आले आहे. तेथे मजूर म्हणजे पाहुणा आहे हे खरे, पण जो आपल्याला खाऊ घालतो त्याची मजुरी बुडवावी असा त्याचा अर्थ कोणीच लावणार नाही.

पाहुण्याच्या हातात काय द्यावे याची वर्धेला कमी नाही. गोरस भांडारचा गोरसपाक घेतला की पैसा गाय पाळणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचतो. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गांधीजींनी १९३८ मध्ये उद्घाटन केलेल्या मगन संग्रहालयात आजही खादी आणि गावचे जिन्नस मिळतात. नातेवाइकांना भेट म्हणून दुसरीकडचे काजू-बदाम पाठविण्यापेक्षा हे पाठवून पाहा. आणखी एक गोष्ट अनेकदा कानावर येते : दारूबंदी आहे म्हणून येथे पर्यटन वाढत नाही. ज्या पाहुण्याला दारूशिवाय वर्धा पाहवत नाही, त्याने खुशाल दुसरीकडे जावे. आपल्या बायाबापड्यांनी दारूपायी काय भोगले ते त्याला ठाऊक नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या जागतिक पर्यटन दिनाच्या संदेशात निसर्गस्नेही पर्यटनाचा विषय घेतला होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घर म्हटले की त्यात कोणी राहणारे आले आणि कोणी येणारे आले. आपण वेलांकणीला किंवा जुन्या गोव्याला जातो तेव्हा आपण येणारे असतो. तेथल्या कोळ्याचा किनारा आणि तेथल्या बाईची विहीर ही त्यांच्या घरातली वस्तू असते. सेवाग्राम स्टेशनवर उतरणाऱ्याकडून आपण जी अपेक्षा करतो, तीच आपल्याकडून तेथे केली जाते.

पावसाळ्यात बोरचे जंगल बंद आहे. ते उघडल्यावर आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींची सहल तिकडे जाणार आहे. गाईड जवळच्याच गावातील असेल. दुपारचे जेवण त्या गावातील महिला बचत गट करणार असून त्याचे पैसे आगाऊ दिले जातील. दरात घासाघीस करू नये. नावे मिस्सानंतर युवक मंडळाकडे द्यावीत. प्रत्येकाने स्वतःचे ताट, पेला आणि पाण्याची बाटली आणावी. घरून डबे आणू नयेत.