जलदान आणि कावेरीची कैफियत

तृषिताला पाणी देणे हे पुण्यकर्म आहे याविषयी आपल्या परंपरेत कधी वाद झालेला नाही. विहीर खणणे, तळे बांधणे, पाणपोई घालणे ही कर्मे धर्मशास्त्राने पूर्तधर्मात गणली आणि वैदिक यज्ञाचा अधिकार ज्यांना नाकारला त्यांनाही या पुण्याचा अधिकार मोकळा ठेवला. म्हणूनच एखाद्या महानगराला पाणी पुरविण्यासाठी नदी अडविण्याची तजवीज सरकारदरबारी मांडली जाते, तेव्हा तिच्याविषयी शंका घेणारा मनुष्य निर्दय भासतो आणि पर्यावरणाच्या आघाताचे मूल्यमापन, तज्ज्ञांची समिती, जनसुनावणी हा सारा व्याप म्हणजे तहानलेल्याच्या ओठापाशी आलेला पेला रोखून धरण्यासारखा वाटू लागतो. पाणी देण्यापूर्वी करावयाची ही चौकशी त्या दानाला आडवी येते की ती त्या दानाचेच अंग आहे, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो, आणि त्याचा विचार करण्यास कावेरीकाठच्या स्वामीमलैइतके योग्य स्थळ मला दुसरे सुचत नाही.

कुंभकोणमच्या पश्चिमेस काही मैलांवर हे गाव आहे. तंजावरच्या भोसले राजांचे मोडी दप्तर सरस्वती महालात अद्याप जतन केलेले असल्यामुळे हा मुलूख मराठी वाचकाला सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. येथील स्थपती मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीच्या काठचा अत्यंत सूक्ष्म गाळ लिंपतात, साचा तापवून मेण वितळवून टाकतात आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओततात; तो गाळ इतका मऊ असतो की मेणावरची बारीकशी रेघही त्यात उमटून राहते. नटराजाच्या बोटांचा डौल आणि देवीच्या ओठांवरचे स्मित धातूत उतरते ते पुराने आणून टाकलेल्या या मातीमुळे. पाणी, गाळ, वाळू, मासे, पूर आणि ओसर हे सारे मिळून नदी होते, हे या गावाने आपल्या हस्तकौशल्यात जपून ठेवलेले ज्ञान आहे, आणि पाण्याचा हिशेब केवळ घनफुटांत मांडणाऱ्या दप्तराला ते अद्याप पुरते उमगलेले नाही. १९३४ साली पुरे झालेल्या मेट्टूरच्या धरणाने त्रिभुज प्रदेशातील शेतीला वेळेवर पाणी दिले, हे उपकार कोणीही नाकारणार नाही. परंतु धरण पाणी सोडते आणि गाळ बव्हंशी ठेवून घेते, आणि त्या गाळाचा जाब धरण बांधतेवेळी कोणी कोणाला विचारला नव्हता.

आता मेट्टूरच्याही वर, कर्नाटकाच्या हद्दीत, मेकेदाटू येथे नवे धरण योजिले आहे. त्याची साठवण ६७.१६ अब्ज घनफूट, म्हणजे वर्तमानपत्री भाषेत तितके टीएमसी. बेंगळुरूच्या पिण्यासाठी त्यातून ४.७५ टीएमसी पाणी आणि त्याबरोबर ४०० मेगावॉट वीज. सुमारे ५००० हेक्टर भूमी, तीही बहुतांश कावेरी अभयारण्याची व राखीव जंगलाची, पाण्याखाली जाईल. बेंगळुरूची तहान खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयानेच कावेरीच्या पाणीवाटपावरील २०१८ च्या निवाड्यात ती मान्य केली. केंद्रीय तज्ज्ञ समितीपुढे २०१९ च्या जुलैत ही दरखास्त आली, तेव्हा कर्नाटक व तमिळनाडू या उभय राज्यांनी आधी सामोपचाराने तोडगा काढावा असे सांगून समितीने ती पुढे ढकलली. दोन सरकारांचे वैर हाच त्या दप्तरातील मुख्य विषय होऊन बसला. अरण्य, पाणमांजर, महाशीर मासा आणि खालच्या काठची माती यांची कैफियत त्या वैराच्या आड राहिली.

दानाविषयी आपल्या शास्त्रकारांचा विचार भावनेवर विसंबलेला नाही. स्वतःचे स्वामित्व सोडणे हे दानाचे लक्षण असल्यामुळे जी वस्तू आपली नाही ती देता येत नाही, मग घेणारा कितीही गरजू असो. तळे बांधून झाल्यावर त्याचा उत्सर्ग करावा, म्हणजे बांधणाऱ्याने आपला हक्क सोडून ते पाणी सकल भूतमात्रांसाठी मोकळे करावे, असा विधी आहे, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. त्या भूतमात्रांत पशुपक्षी आणि जलचर हेही आले. आंतरराज्य नदी ही राष्ट्राची संपत्ती असून कोणत्याही एका राज्याची तिच्यावर मालकी नाही, असे २०१८ च्या निवाड्यानेही सांगितले. मग जे सरकार नदीचे पाणी देऊ पाहते त्याला, हे पाणी आज कोणाकोणाच्या उपजीविकेत गुंतलेले आहे, हे आधी विचारणे प्राप्त आहे. ते विचारल्यावाचून दिलेले पाणी घेणाऱ्याच्या कंठी उतरेल, देणाऱ्याच्या पदरी मात्र पुण्य पडणार नाही.

आणि विचारावयाचे कसे, याची रीत स्वामीमलैच्या क्षेत्रकथेत आहे. प्रणवाचा अर्थ सांगता न आल्यामुळे कुमाराने ब्रह्मदेवास बंदीत टाकले. शंकर त्याच्या सुटकेसाठी आला आणि तुला तरी तो अर्थ ठाऊक आहे काय, असे त्याने पुत्राला विचारले. ठाऊक आहे, परंतु तो शिष्य होऊन ऐकावा लागेल, असे कुमार म्हणाला, आणि जगत्पित्याने तेही मान्य केले. आपल्याकडे कार्तिकेयाची ओळख ब्रह्मचारी सेनापती एवढीच उरली आहे. तमिळ भक्ताला तो पित्याचाही गुरू आहे. म्हणून येथे तो स्वामिनाथ या नावाने टेकडीवर आहे आणि मीनाक्षी-सुंदरेश्वराचे, म्हणजे त्याच्या मातापित्यांचे, स्थान पायथ्याशी. वर जाण्यास साठ पायऱ्या आहेत, संवत्सरचक्राच्या एकेका वर्षाची एक. अधिकार ज्याच्या हाती त्याने खाली बसावे, ज्याला कळते त्याने वय व पद न पाहता सांगावे, आणि त्या दोघांमध्ये पुऱ्या साठ संवत्सरांचा काळ असावा, अशी ही रचना मी जनसुनावणीच्या आदर्शाच्या ठिकाणी ठेवतो. उद्या जन्मणारे मूलही या अर्थाने आजच्या पित्याचा गुरू आहे. त्याच्या वाट्याला कोणती नदी येणार, हे विचारणे म्हणजे त्याच्या पायथ्याशी बसणे.

आमचा कायदा या आदर्शाच्या पुष्कळ अलीकडे थांबतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी होते ती प्रकल्प जेथे उभा राहणार त्या जिल्ह्यात. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या स्वामीमलैच्या स्थपतीला किंवा कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला तेथे जबानी देण्यास बोलावणे नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, निव्वळ पिण्याच्या पाण्याच्या योजनेला त्या अधिसूचनेच्या परिशिष्टात स्थानच नाही. मेकेदाटूला हे बंधन लागते ते वीज जोडलेली आहे म्हणून. आमच्या मुरबाड तालुक्यातील काळू धरण मुंबई परिसराच्या पाण्यासाठी योजलेले, आणि २०१२ साली उच्च न्यायालयात त्याचे काम अडले ते वनखात्याच्या परवानगीवाचून. नदीचे काय होईल हा प्रश्न कायद्याने विचारलाच नव्हता. तहान पवित्र असल्यामुळे तिच्या नावाने मांडलेले काम चौकशीमुक्त असावे, हा समज मला अधर्माचा वाटतो.

कावेरी लवादाने २००७ साली ७४० टीएमसी पाण्याची वाटणी करताना १० टीएमसी पर्यावरणाच्या रक्षणासाठी आणि ४ टीएमसी समुद्राकडे अपरिहार्यपणे जाणारे म्हणून बाजूस ठेवले. राज्यांच्या हिश्श्यांपुढे हे आकडे किती लहान आहेत! तरीही एका न्यायासनाने नदीला तिच्याच पाण्यात वाटेकरी मानले, ही मला शतकातील मोलाची घटना वाटते. फक्त तो वाटा नदीची विचारपूस करून ठरलेला असावा.

म्हणून मेकेदाटूची चौकशी जेव्हा होईल, तेव्हा तिची एक सुनावणी कुंभकोणमलाही व्हावी, अहवालाचा सारांश कन्नडप्रमाणे तमिळमध्येही गावोगाव मिळावा, आणि गाळ, भूजल व कावेरीच्या मुखाशी शिरणारे खारे पाणी यांची साठ वर्षांची गणती त्यात मांडलेली असावी. हे मागणे तमिळ पक्षाचे म्हणून मी करीत नाही. काळूच्या काठच्या गावांसाठीही मी हेच मागतो, आणि बेंगळुरूच्या नागरिकांनीही, आपल्या नळाचे पाणी निर्दोष असावे म्हणून, ते मागावे अशी माझी त्यांना विनंती आहे.