शंकासमाधान : फडाकडेची मंडळी

शंका : इंदापूर तालुक्यात, पालखीच्या वाटेवरच्या गावात माझी सहा एकर जमीन आहे. ऊस आणि दोन गाई. चार हंगामांमागे आमच्या फडावर बीडकडची टोळी उतरली. त्यातलं एक जोडपं रात्री कोपीपुढे येशूची भजनं म्हणायचं. आधी मी बांधावरून ऐकलं, मग जवळ जाऊन बसलो. टोळी गेली तेव्हा त्यांनी त्यांच्याजवळचा नवा करार मला दिला. तो तीनदा वाचून झाला. दीड वर्ष झालं, दर रविवारी मोटारसायकलवर चर्चला जातो. येशू माझा प्रभू आहे, यात मनाला शंका नाही. पण बाप्तिस्मा झालेला नाही. शेवटच्या बाकावर बसतो. माणसं चांगली आहेत, पण प्रत्येक जण विचारतो, ‘मूळचे कुठले? कोणापैकी?’ प्रभुभोजनाची भाकर माझ्या पुढून निघून जाते. पाळक म्हणतात, आधी बाप्तिस्म्याचा वर्ग, मग सभासद नोंदणी आणि मागल्या दीड वर्षाची वर्गणी. घरी आई माळकरी. आषाढात तुकोबांची पालखी आली की आमच्या दारात वारकऱ्यांसाठी पाणी आणि पिठलं-भाकरी असते. चर्चमधल्या एकानं सांगितलं, त्याला हात लावलास तर ती मूर्तिपूजा. मी ख्रिस्ती आहे की नाही? आणि माझी मंडळी कुठली?
— एक शेतकरी

समाधान : पाण्याचं आधी सांगतो. बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा चालत आलेला माणूस तुमच्या दारात तहानेला उभा राहतो. तहानेल्याला पाणी दिलं की नाही, एवढंच ज्याने शेवटच्या दिवशी विचारायचं ठरवलं आहे, त्याच्या नावानं तुम्ही हंडा बाजूला सारणार? आईच्या शेजारी उभे राहा आणि भाकरी वाढा. पालखीतल्या पादुकांपुढे मस्तक ठेवणं तुमच्या मनाला पटत नसेल तर ठेवू नका, आणि का ठेवत नाही ते आईला सरळ सांगा. लपवू नका. माळकरी आईला खरं बोललेलं कळतं. आपल्या नारायण वामन टिळकांनी तर, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं अभिमानानं सांगितलं. ज्या पुलावरून आपण आलो त्यावर पाण्याचा हंडा ठेवायला कसली भीती?

आता मूळ शंका. तुम्ही ख्रिस्ती आहात का, हे ठरवायचा अधिकार तुमच्या पाळकांना नाही आणि मलाही नाही. मला या बाबतीत एकाच व्यक्तीचा आधार पुरेसा वाटतो. त्यांनी उभं केलेलं काम तुमच्यापासून फार लांबही नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन तुम्ही पाहिलं असेल.

ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटिज इथे झाला. तिथल्या मठातल्या भगिनी त्यांना जिवापाड जपत होत्या. पण थोड्याच दिवसांत खटके उडू लागले. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. आणि ‘चर्च सांगते म्हणून मान’ हे त्यांना पटेना. 1885 मधल्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट कळवलं की हिंदुस्थानातल्या भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जोखड घेण्याची माझी तयारी नाही. सत्तावीस वर्षांची विधवा, कडेवर पोर, परक्या देशात त्याच लोकांच्या आश्रयाला, आणि हे पत्र! मी ते जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थांबतो.

पुढचं तर याहून महत्त्वाचं. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ताचा धर्म होता, खुद्द ख्रिस्त नव्हता. ही साक्ष विधवांसाठी शारदा सदन काढलेल्या, जगभर नाव झालेल्या बाईची आहे. त्यांची नोंद झाली होती, भेट नंतर झाली. तुमची भेट आधी झाली आहे, नोंद राहिली आहे. दोहोंपैकी कोणाची अडचण मोठी, तुम्हीच सांगा.

तरीही बाप्तिस्मा घ्या, आणि लवकर घ्या. प्रभुभोजनाआधी बाप्तिस्मा ही मंडळीची जुनी शिस्त आहे. ती मोडा असं मी सांगणार नाही. भाकर पुढून गेली तर तेवढ्यापुरता राग धरू नका. वर्गही चांगला आहे, शिका. पण मागली वर्गणी? प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात गाझाच्या वाटेवर कूशी अधिकारी रथातून जाताना पाणी दिसतं तिथे उतरतो, आणि फिलिप्प त्याला तिथल्या तिथे बाप्तिस्मा देतो. अधिकारी तर राणीच्या खजिन्यावरचा! फिलिप्पाने त्याच्याकडे थकबाकी मागितल्याचं लूकने लिहिलेलं नाही. तुमच्या पाळकांना नम्रपणे हाच अध्याय दाखवा. ऐकलं नाही तर मंडळीच्या पंचांकडे जा. तिथेही ऐकलं नाही तर दुसऱ्या पाळकांकडे जा. पाण्यावर कोणाचा मक्ता नाही.

आणि ते ‘मूळचे कुठले?’ याविषयी मला थोडं जास्त बोलावं लागेल, कारण हा काटा माझ्याही पायात जुना आहे. या प्रश्नामागे प्रेमळ चौकशी असते तशी कित्येकदा जात असते. आमच्यात जात नाही असं वेदीवरून सांगायचं आणि सोयरीक ठरवताना आजोबा कोणत्या वाड्यातले ते शोधायचं, हे मी नगरला पाहिलं, पुण्यात पाहिलं. घराणं जुनं, मिशनच्या शाळेत शिकलेलं, म्हणून पुढचा बाक आपला. नवा आलेला मागे. तो वरच्या मानलेल्या जातीतला असेल तर त्याचं कौतुक, त्याची साक्ष, त्याचा फोटो. खालच्या मानलेल्या जातीतला असेल तर संशय, की सवलतीसाठी आला की धान्यासाठी. ज्या मंडळीला नव्या माणसाचं गोत्र विचारावंसं वाटतं, तिनं बाप्तिस्म्याचं पाणी नुसतं अंगावरून जाऊ दिलं आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय दर नाताळाला वाचावा, सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या वस्त्रांतला अशी दोन माणसं सभेत येतात तो.

तुम्हीही एक ध्यानात घ्या. दीड वर्ष तुम्हाला शेवटच्या बाकावर ठेवलं हा त्यांचा दोष. तिथेच बसून राहिलात हा थोडा तुमचा. सतरंजी झाडायला जा, ढोलकी धरा, आजारी माणसाच्या घरी जा. रमाबाईंनी कोणत्याही एका पंथाचा शिक्का लावून घेतला नाही, पण त्या एकट्या कधी राहिल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, मग 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या, असा हजारोंचा मेळा केडगावी जमला. दळण, शेत, विणकाम, छापखाना सगळं एकत्र. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच बायामुलींनी खिळे जुळवून छापलं. संपूर्ण प्रत 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघाली. ज्यांना कोणी ‘कोणापैकी’ म्हणून विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं, त्यांच्या हातून.

तुमची मंडळी कुठली, हे तुमच्याच पत्रात आलं आहे, तुमच्या लक्षात आलेलं नाही. जिथे तुम्ही पहिल्यांदा बांध ओलांडून जवळ जाऊन बसलात ती. उसाच्या पाचटाची कोपी, तीन दगडांची चूल आणि एक कोयता, म्हणजे नवरा-बायको. गावात ज्यांना पाणी वरून वाढतात, त्यांनी सहा एकराच्या मालकाला शुभवर्तमान दिलं. त्यांचा बाप्तिस्मा कागदावर झाला आहे का, विचारू नका. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताच्या सवलती जातात. कित्येकांना प्रभूचं नाव मनात आणि जुना दाखला खिशात ठेवून जगावं लागतं. दिवाळीनंतर टोळ्या येतील. त्यांच्या मुकादमाकडे चौकशी करा. सापडले तर बायको-मुलांसह जा, आणि या वेळी त्यांच्या चुलीवरची भाकरी त्यांच्या ताटात जेवा. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांना पुढच्या बाकावर बसवा.

शंका : आमच्या घरी प्रार्थनेला येणारे उपदेशक म्हणतात, उसाच्या पूर्ण बिलावर दशांश द्या, नाहीतर पीक शापित होईल. आमचं बिल परस्पर सोसायटीच्या कर्जात जमा होतं, हातात निम्मंही पडत नाही. काय करावं?
— एक भगिनी, बारामती तालुका

समाधान : एक रुपयाही भीतीपोटी देऊ नका. जे हातात आलं नाही त्याचा दहावा भाग कुठून काढणार? त्यासाठी सोनं गहाण ठेवलेली घरं मला माहीत आहेत, आणि त्यांच्याकडून पैसे नेणाऱ्यांच्या नव्या गाड्याही.

हे उपदेशक मलाखीचा तिसरा अध्याय वाचतात. ताई, त्यांना पहिला आणि दुसरा वाचायला सांगा. त्यात देव शेतकऱ्यांवर नाही, याजकांवर रागावला आहे. आणि तिसऱ्यातही दशांशाच्या काही ओळी आधी, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध आणि विधवा, अनाथ यांना नाडणाऱ्यांविरुद्ध देव साक्ष द्यायला उभा राहतो. ते वचन ऊसपट्ट्यात कोणी का वाचत नाही? टोळीच्या उचलीचा हिशेब चोख झाला का, तोडणीवरच्या बाळंतिणीला चार दिवस सुट्टी मिळाली का, हे विचारणारा उपदेशक मला दाखवा, मी त्याचे पाय धरीन.

दशांशाचा नियम अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. तो वाचून तुम्हाला नवल वाटेल. दशांश देणाऱ्यानं कुटुंबासह देवापुढे बसून आनंदानं जेवायचा असतो, लेव्याला विसरायचं नसतं; आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. त्यात बाटलीतलं अभिषेकाचं तेल विकायला नाही, पाकिटावर नाव-रक्कम लिहून वाचून दाखवणं नाही, शाप तर मुळीच नाही. पौलानं करिंथकरांना तर सांगूनच टाकलं की मनात ठरवाल तेवढं द्या, जुलमानं नको. तुम्ही दोघांनी हातात आलेल्या पैशातून काय ते ठरवा, आणि एखादं वर्ष ते गावातल्या विधवेच्या किराण्याला जाऊ द्या.

त्या उपदेशकांना चहा द्या, प्रार्थना करू द्या. पाकीट मागितलं तर दार दाखवा.

शंका : बाप्तिस्मा घेताना नाव बदलावं लागतं का?
— एक युवक, भिगवण

समाधान : नाही. रमाबाईंना बाप्तिस्म्यात ‘मेरी रमा’ असं नाव मिळालं, पण केडगावात, महाराष्ट्रात आणि जगात त्या पंडिता रमाबाईच राहिल्या. टिळक नारायण वामनच राहिले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच. आईनं पाळण्यात ठेवलेलं नाव घेऊन पाण्यात उतरा.