जुन्या ग्रंथांचें लेखन: बदलावें कीं राखावें?

बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत जे प्राकृत शिलालेख आहेत, त्यांपैकीं अनेकांच्या आरंभीं ‘सिधं’ असा शब्द आढळतो. संस्कृतांतील ‘सिद्धम्’ तो हाच; ब्राह्मी लिपींतील त्या लेखांत द्वित्त लिहिण्याची चाल नव्हती. आजच्या व्याकरणाप्रमाणें तेथें टांकीनें आणखी एक अक्षर खोदावें, असें कोणा शहाण्याच्या मनांत येणार नाहीं. मग जो मान आपण दगडास देतों, तो कागदास कां देऊं नये?

हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीनें सिद्ध होणारे, परंतु उच्चारांत न उरलेले अनुस्वार लेखनांतून गेले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ह्या कादंबरीच्या नांवांतील टिंबही आतां पुष्कळदां दिसत नाहीं.

नव्या नियमांशीं आमचें भांडण नाहीं. पूर्वीं ‘घरांत’ म्हणजे एका घरांत कीं अनेक घरांत, हें लेखनावरून कळत नसे, आतां कळतें. पण लाभाबरोबर हानिही आहे. ‘तें’ म्हणजे ती वस्तु आणि ‘ते’ म्हणजे ती माणसें, हा भेद जुन्या लेखकानें जाणून केलेला असे. टिंब पुसतांच दोन्हीं एक होतात. ‘पांच’ ह्या शब्दांत ‘पञ्च’चा आणि ‘नांव’ ह्या शब्दांत ‘नाम’चा अनुनासिक होता, तोही गेला.

ह्यावर कोणी म्हणेल, मुलुंडच्या वा घाटकोपरच्या घरांतील मुलगी आजोबांचें पुस्तक उघडते आणि टिंबांच्या गर्दीनें बिचकून मिटते, त्याचें काय? हा आक्षेप खरा आहे. न वाचलेल्या ग्रंथाचा मान राखून काय मिळविलें? इंग्रजींतही शेक्सपिअरचीं नाटकें सामान्य वाचकांसाठीं नव्या लेखनांत छापतात. उलट स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’चें लेखन बहुधा जुनेंच ठेवतात, कारण ती जुनी भाषा कवीनें हेतुपूर्वक योजिली होती. म्हणजे एकच नियम सर्वांस लावतां येत नाहीं.

मात्र एक कर्तव्य सर्वत्र सारखें आहे. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि आपण काय केलें तें ग्रंथाच्या शेवटीं शकासह लिहून ठेविलें. ज्याच्यावर त्यांची एवढी भक्ति, त्याच्या ग्रंथांतही त्यांनीं गुपचूप हात घातला नाहीं. बदल करणें हा अपराध नव्हे. न सांगतां करणें हा आहे. मृत लेखक हरकत घेऊं शकत नाहीं, म्हणूनच आपली जबाबदारी अधिक. पुस्तकाच्या आरंभीं ‘लेखन आधुनिक केलें आहे’ एवढे शब्द छापावे आणि मूळ प्रत ग्रंथालयांत जपावी. इतकें केलें म्हणजे नातीचाही हक्क राहील आणि आजोबांचाही.